पैलू आणि पायऱ्या

हिरा घ्यायला आलेल्या माणसाला बजेट सगळेच विचारतात; घरात दिवे कसले आहेत हे कुणी विचारत नाही. शोरूमच्या छतात बारीक बारीक स्पॉटलाइट ठासून भरलेले असतात. त्यांच्याखाली कुठलाही गोल हिरा पेटून उठतो. मग तोच हिरा डोंबिवलीच्या हॉलमध्ये, ट्यूबलाइटखाली, चहाचा कप धरलेल्या बोटावर येतो आणि त्याची निम्मी नाटकं बंद होतात. निम्मी तरी चालू राहतात, हे गोल हिऱ्याचं मोठेपण. एमरल्ड कटची, म्हणजे कोपरे कापलेल्या आयताकृती हिऱ्याची, तऱ्हा निराळी. स्पॉटलाइटखाली तो बुजतो, आणि खिडकीशी नेला की बोलायला लागतो.

मी हिऱ्यांच्या ऑफिसात असॉर्टिंग करते. आधी ऑपेरा हाउसला, बोर्स, म्हणजे हिऱ्यांचा बाजार, सुरू झाल्यानंतर बीकेसीला. पुडी उघडायची, माल पांढऱ्या कागदावर सांडायचा, चिमट्याने एकेक दाणा उचलायचा, आयग्लास, म्हणजे छोटं भिंग, डोळ्याला लावायचा आणि रंग, शुद्धता, घाट बघून ढीग वेगळे करत जायचं. या धंद्याची बोलीच गुजराती. पालनपुरी आणि काठियावाडी मंडळींमध्ये आम्ही मराठी असॉर्टर बोटांवर मोजण्याइतके. त्यामुळे नात्यागोत्यात कुणाचं लग्न ठरलं की केटररच्या आधी मला फोन येतो. पूर्वी विचारायचे, ‘हिरा लाभेल का गं?’ शुक्राचा खडा, उशाखाली ठेवून चार रात्री झोपून बघायचं, वाईट स्वप्नं पडली तर परत करायचा, असं सगळं असायचं. आता साखरपुड्याची अंगठी हिऱ्याचीच हे गृहीत असतं, आणि प्रश्न येतो तो स्क्रीनशॉटसकट. माझ्या भाचीने गेल्या हिवाळ्यात असाच पाठवला. डावीकडे गोल, उजवीकडे एमरल्ड, खाली एक ओळ: ‘मावशी, कोणता? लवकर सांग, त्याच्या आईला गोलच हवाय.’

लवकर सांगण्यासारखं उत्तर माझ्याकडे नव्हतं. अजूनही नाही.

गोल ब्रिलियंटला 57 पैलू. तळाचं टोक घासून सपाट केलं असेल तर 58. सुरतेच्या कारखान्यांत हिऱ्याच्या वरच्या भागाला मथाळा म्हणतात आणि खालच्याला तळिया. मथाळ्यावर मधोमध टेबल, म्हणजे मोठा सपाट पैलू, आणि भोवती 32 पैलू, तळियाला 24. काही त्रिकोणी, काही पतंगाच्या आकाराचे. सगळी करामत तळियाची. हिऱ्यात शिरलेला किरण आतल्या भिंतीवर, तिच्या लंबाशी 24.4 अंशांपेक्षा जास्त कोन करून आदळला, की त्याला बाहेर पडता येत नाही. तो आतल्या आत परततो. साध्या काचेत हाच आकडा 42च्या आसपास असतो, म्हणून काच प्रकाशाला सहज निसटू देते आणि हिरा सहसा देत नाही. तळियाच्या दोन समोरासमोरच्या उतारांवर असा दोनदा आपटून किरण वर टेबलातून बाहेर येतो, आणि मथाळ्याच्या तिरक्या पैलूंतून निघाला तर रंगांत फुटून येतो.

हे उतार किती अंशांचे हवेत, याचं गणित मार्सेल तोल्कोव्स्कीने 1919 मध्ये लंडनमध्ये मांडलं. बेल्जियमच्या हिरेवाल्यांच्या घराण्यातला विशीतला पोरगा. त्याचे आकडे आमच्याकडे पाढ्यासारखे पाठ असतात: तळियाचा कोन 40.75 अंश, मथाळ्याचा 34.5, टेबल एकूण रुंदीच्या 53 टक्के. आज टेबल थोडं मोठं ठेवतात, बाकी पाया तोच. तळिया जास्त उथळ झाला तर टेबलाच्या आत पांढुरकं कडं दिसायला लागतं, फार खोल झाला तर मध्यभागी काळोख साचतो. सुरतेत घंटीवर, म्हणजे हिरा घासायच्या चाकाशी, बसलेला कारागीर हे दोन टोकांमधलं अंतर हाताने राखतो. यंत्रं आली, लेझर आलं, कच्च्या हिऱ्याचा नकाशा संगणक काढतो. पण फिरत्या चाकावर शेवटचा पैलू टेकवून, उचलून, डोळ्याजवळ नेऊन, पुन्हा टेकवणारा माणूस अजून आहे. त्याला रत्नकलाकार म्हणायची तिकडे पद्धत आहे. पगाराच्या चिठ्ठीवर मात्र कलेचा भाव लावलेला दिसत नाही.

एमरल्ड कटमध्ये पैलूंची संख्या जवळपास तेवढीच असते. फरक सगळा त्यांच्या मांडणीत. आयत, त्याचे चारही कोपरे कापलेले, आणि टेबलाच्या काठापासून खाली उतरत गेलेल्या लांबट, अरुंद, एकमेकांना समांतर पट्ट्या. वर सहसा तीन रांगा, खाली तीन. काठावर उभं राहून त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्तात बघावं तशा चारी बाजूंनी पायऱ्या आत उतरतात आणि नजर त्यांच्याबरोबर तळापर्यंत जाते. ही घडण मुळात पाचूसाठीची. पाचू ठिसूळ, आतून भेगाळलेला. त्याचे टोकदार कोपरे जडवताना उडायचे, म्हणून ते आधीच कापून टाकायचे. हिऱ्यावर ती 1920च्या सुमारास खरी रुळली, जेव्हा इमारतींपासून अत्तराच्या बाटल्यांपर्यंत सगळीकडे सरळ रेषा आणि कोन आले होते. तिचं चौकोनी भावंड आश्शर कट त्याआधीचं, 1902चं, ॲम्स्टरडॅमच्या आश्शर घराण्याचं. याच घराण्यातल्या योसेफ आश्शरने 1908 मध्ये 3,106 कॅरेटचा कलिनन हा कच्चा हिरा फोडला.

पायऱ्यांवर प्रकाश खेळतो तो रुंद पट्ट्यांनी. एक अख्खी बाजू लखलखते, दुसरी काळी पडते, बोट हललं की अदलाबदल. गोल हिऱ्यात शेकडो ठिणग्या उडत असतात, त्यातली नेमकी कुठली पाहिली हे सांगता येत नाही. एमरल्डमध्ये सांगता येतं. रंगांचा खेळ त्यात कमी, आणि त्याच्या मोठ्या सपाट टेबलातून आतलं सगळं दिसतं. सगळं म्हणजे खरोखर सगळं. पीस अडकल्यासारखी बारीक भेग, काळा ठिपका, पिवळट झाक, काहीही लपत नाही. गोल हिऱ्यात एसआय, म्हणजे मधल्या दर्जाच्या, शुद्धतेचा डाग अनेकदा आयग्लासनेही शोधावा लागतो, कारण 57 पैलू त्याचा चुरा करून टाकतात. एमरल्डमध्ये तोच डाग नुसत्या डोळ्याला टोचू शकतो. म्हणून एमरल्ड घेणाऱ्याला मी व्हीएसच्या, म्हणजे एसआयच्या वरच्या शुद्धतेच्या, खाली उतरू देत नाही, आणि रंगातही एखादी पायरी वरच ठेवायला सांगते.

पैलू डाग लपवतात, हे ज्ञान काही तोल्कोव्स्कीच्या काळचं नव्हे. सतराव्या शतकात गोवळकोंड्याच्या खाणींवर आलेला फ्रेंच व्यापारी तावेर्निये लिहून गेला आहे की इथले कारागीर हिरा स्वच्छ असेल तर वर-खाली जेमतेम घासून सोडून देत, वजन जायला नको म्हणून. पण आत भेग किंवा ठिपका असला तर दगड पैलूंनी मढवून काढत. खूप पैलू दिसले की मोगली दरबारातल्या जाणत्याने भुवई उंचावावी, असा तो काळ. आज नेमकं उलट झालं आहे. जास्त लखलख म्हणजे जास्त चांगला, असं गिऱ्हाईक मानतं. मला या जुन्या कारागिरांची बाजू घ्यावीशी वाटते, आणि माझा पगार गोल मालावर निघतो हेही माहीत आहे.

वजनाचा मोह आणि प्रकाशाचा मोह यांची सगळ्यात गाजलेली झटापट कोहिनूरवर झाली. 1851 मध्ये तो लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडला. माणसं रांगा लावून आली आणि हिरमुसून गेली. इतका नावाजलेला हिरा आणि चमकतच नाही! भोवती गॅसचे दिवे लावून बघितले, तरी फारसं काही होईना. हिंदुस्थानी घडणीचा तो, वजन राखून घासलेला. युरोपातल्या डोळ्यांना त्यात काचेचा गोळा दिसला. मग 1852 मध्ये ॲम्स्टरडॅमहून कोस्टर या हिरे घडवणाऱ्या पेढीचे कारागीर बोलावले, वाफेचं इंजिन बसवलं, आणि पहिला पैलू घासायचा मान मिळाला ऐंशी ओलांडलेल्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनला. हाच तो आर्थर वेलस्ली, ज्याने 1803 मध्ये जालन्याजवळच्या आसईला शिंदे-भोसल्यांच्या फौजा हरवल्या होत्या. 38 दिवस काम चाललं. 186 जुन्या कॅरेटचा दगड आजच्या मापाने 105.6 कॅरेटचा अंडाकृती ब्रिलियंट होऊन बाहेर पडला. चमक आली. राणीचा नवरा आल्बर्ट मात्र गेलेल्या वजनावर नाराज होता, असं सांगतात. ज्याच्या हट्टाने हे सगळं घडलं त्यानेच नाराज व्हावं, हे मला ऑफिसात रोज भेटणाऱ्या पार्ट्यांसारखंच वाटतं.

दुसरा हिरा आपल्या जास्त जवळचा, पण त्याचं नाव आपल्याकडेच फार कुणाला ठाऊक नसतं. त्र्यंबकेश्वराच्या देवळातला म्हणून ओळखला जाणारा, इंग्रजांच्या कागदांत ‘नासाक’ झालेला नाशिकचा हिरा. 1818 साली पेशवाई बुडाली तेव्हा तो दुसऱ्या बाजीरावाकडून कंपनीच्या हाती गेला आणि दख्खनच्या लुटीचा हिस्सा म्हणून लंडनला पोचला. तिथे रंडेल अँड ब्रिज या सराफांनी तो पुन्हा घासला, पण हात राखून. मूळचा तिकोनी घाट बराचसा ठेवला आणि जवळपास 80 कॅरेट वजन शिल्लक राहिलं. 1837 च्या लिलावानंतर तो मार्क्विस ऑफ वेस्टमिन्स्टरकडे गेला, त्याने तलवारीच्या मुठीत बसवला. शंभरेक वर्षं अशी गेली. मग 1940 मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनने तो विकत घेतला आणि सरळ एमरल्ड कटमध्ये घडवला. आता वजन 43.38 कॅरेट.

हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा असॉर्टर म्हणून माझ्या पोटात खड्डा पडला. कारण धंद्यातला सर्वसाधारण हिशेब असा, की अष्टफलकी रफमधून, म्हणजे कच्च्या हिऱ्यातून, गोल काढायचा तर निम्म्याहून जास्त माल भुकटी होऊन जातो, आणि एमरल्डसारख्या लांबट घाटात त्यापेक्षा जास्त वजन वाचतं. एमरल्ड कॅरेटमागे गोलापेक्षा सहसा स्वस्त पडतो त्याचं एक कारण हेच. दुसरं म्हणजे मागणी कमी. इथे विन्स्टनने पायऱ्यांसाठी जवळजवळ गोलाइतकीच किंमत मोजली. जुन्या घाटाच्या तिकोनातून आयत काढायचा म्हटल्यावर वजन जाणारच. त्र्यंबकच्या हिऱ्याला शेवटी कुशावर्ताच्या पायऱ्या मिळाल्या, हा योगायोग विन्स्टनच्या गावीही नसणार. मला मात्र तो सोडवत नाही.

भाचीला आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्याला मी एका शनिवारी ऑफिसात बोलावलं. शेठची परवानगी, गेटपास, आधारकार्ड, बॅगा स्कॅनरमधून, हे सगळं पार करून दोघं वर आली. शेजारच्या ऑफिसातून दोन दाणे जांगडावर, म्हणजे परत करायच्या बोलीवर, आणून ठेवले होते, दोन्ही कॅरेटभराचे. गोल साडेसहा मिलिमीटरचा, एमरल्ड लांबीला जेमतेम सात आणि रुंदीला पाच. आमची खिडकी उत्तरेला आहे. असॉर्टिंगच्या खिडक्या उत्तरेलाच ठेवतात, तिकडचा उजेड दिवसभर सारखा आणि बिनउन्हाचा असतो. पांढरा कागद दुमडून त्याच्या घडीत दोन्ही ठेवले.

मुलगा म्हणाला, ‘हा गोलवाला चांगला आहे.’ आयग्लास हातात घ्यायच्या आधीच. त्यात काही वावगं नाही. गोल हिरा तेवढ्यासाठीच केलेला आहे, लांबून, पटकन, कुणालाही आवडावा म्हणून. भाचीने एमरल्ड चिमट्यात धरायचा प्रयत्न केला, तो दोनदा सटकून टेबलाखाली गेला. तिसऱ्यांदा मी तिला कंबरेत, म्हणजे मथाळा आणि तळिया मिळतात त्या काठाला, धरायला शिकवलं. ‘आता हळूहळू तिरका कर,’ म्हटलं. तिने केला. डावीकडच्या पायऱ्या उजळल्या, मग विझल्या, मग उजवीकडच्या उजळल्या आणि त्या उजेडात कापलेल्या कोपऱ्याशी तिला एक पांढरी, केसाएवढी रेघ दिसली. ‘मावशी, तडा आहे?’ आहेच. सर्टिफिकेटवर तिचा नकाशाही काढलेला आहे. आणि गोलात? गोलात त्याच्या दुप्पट मोठी होती. ती शोधायला तिला इतका वेळ लागला की तोवर चहा आला, प्यायला गेला आणि कप परत गेले.

मग मी दोन्ही दाणे चिमट्याने उचलून एका छापील कागदावर उलटे ठेवले, टेबल खाली, टोक वर. अक्षरं दोन्हीतून दिसली नाहीत, म्हणजे तळिया ठीक. उथळ तळियाच्या एमरल्डमधून अक्षरंच काय, बोटावर घातल्यावर खालची कातडीसुद्धा दिसते. आम्ही त्याला विंडो म्हणतो. दुकानात गोल घेताना ही परीक्षा कुणी केली नाही तरी एक वेळ निभावतं, कारण गोलाच्या सर्टिफिकेटवर कटचा शेरा असतो. जीआयए ही हिरे तपासून सर्टिफिकेट देणारी संस्था 2006 पासून हा शेरा देते, एक्सलंटपासून पुअरपर्यंत. पण फक्त गोल ब्रिलियंटला. एमरल्डच्या कागदावर पॉलिश आणि सिमेट्री तेवढी लिहिलेली असते. पायऱ्या किती उतरल्या, तळिया बसलाय की फुगलाय, लांबी-रुंदीचं प्रमाण डोळ्याला बरं वाटतं का, हे कागद सांगत नाही. ज्याचा घाट कसाही असू शकतो त्याच हिऱ्याच्या वेळी कागद गप्प. त्यामुळे ऑनलाइन, न बघता घ्यायचाच असेल तर गोल घ्या, असं मी बेधडक सांगते. एमरल्ड पोस्टाने मागवायचा जिन्नस नाही.

लांबी-रुंदीच्या प्रमाणाबद्दल एक हट्ट माझा स्वतःचा. 1.4 च्या आसपासचा एमरल्ड मला आवडतो. 1.5 च्या पुढे तो पट्टी वाटायला लागतो, 1.3 च्या खाली ‘चौकोन करायचा होता, चुकला’ असं वाटतं. यामागे शास्त्र नाही. ग्रेस केलीला 1956 मध्ये मोनॅकोच्या राजपुत्राने दिलेली अंगठी एमरल्ड कटचीच होती, दहा कॅरेटच्या वरची. तिच्या लांब बोटांवर कुठलंही प्रमाण चाललं असतं.

आपल्याकडच्या हातांचा विचार वेगळा करावा लागतो. भाची बँकेत आहे, दिवसभर कीबोर्ड, संध्याकाळी पोळ्या. कापलेले कोपरे असल्यामुळे एमरल्ड धारदार कोपऱ्याच्या चौकोनी प्रिन्सेस कटइतका धास्तीचा नाही. चार कोपऱ्यांवर हिरा पकडणारे चार प्राँग नीट बसतात. पण लांबट हिरा बोटावर आडवा फिरतो, अंगठी सैल असली तर जास्तच. म्हणून माप संध्याकाळी घ्यायचं, बोटं थोडी फुगलेली असताना, पण घट्टही करून घ्यायची नाही, पावसाळ्यात पस्तावायला होतं.

भाचीने एमरल्ड घेतला. मुलाच्या आईने फोनवर स्पष्ट विचारलं, ‘अहो, तो चमकत का नाही?’ मी म्हटलं, ‘चमकतो, पण जरा मुरून.’ त्या हसल्या, पटलं नसावं. अंगठीच्या दोन बाजूंना दोन छोटे गोल ब्रिलियंट बसवायची त्यांची सूचना भाचीने मान्य केली. आधी मला ती तडजोड वाटली. घडून आल्यावर बघितलं तर बरी दिसत होती. मधला दगड शांत, कडेचे दोघे बडबडे.

झवेरी बाजारातल्या बंगाली कारागिराकडे मी एकच गोष्ट मागितली: हिऱ्याच्या खालची जाळी मोकळी ठेव, ब्रश आत गेला पाहिजे. हिऱ्याला पाणी धरत नाही, पण तेल-तूप घट्ट धरतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस किंबर्लीच्या खाणीत याच गुणाचा उपयोग केला. चरबी फासलेल्या उतरत्या टेबलांवरून खडी-पाणी सोडायचे, बाकीचे दगड वाहून जायचे आणि हिरे चरबीला चिकटून राहायचे. कणकेतलं तेल, हँडक्रीम, केसांना लावलेलं खोबरेल, सगळं तळियाला जाऊन बसतं आणि आरशाचं काम करणारी ती भिंत प्रकाशाला निसटू द्यायला लागते. गोल हिरा मळका असला तरी चार ठिणग्या मारून वेळ निभावून नेतो. एमरल्डच्या पायऱ्यांवर शेवाळ धरल्यासारखं होतं. तेव्हा दर आठवड्याला कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, लहान मुलांचा मऊ ब्रश, आणि सगळ्यात आधी सिंकचं तोंड बूच लावून बंद करायचं.